बिअर नको म्हणणाऱ्यांसाठी

स्कॉटलंडमधली कुठलीही माल्ट व्हिस्कीची डिस्टिलरी बघायला गेलं, की तांब्याच्या चकचकीत भट्ट्यांपर्यंत पोचण्याआधी एक दालन लागतं. तिथे दोन माणसं एकमेकांच्या खांद्यावर उभी राहतील एवढ्या उंच टाक्या असतात, कुठे लाकडाच्या, कुठे स्टीलच्या. झाकण उचललं की आत तपकिरी फेस खदखदताना दिसतो. हौसेने वाकून वास घेणाऱ्याच्या नाकात कार्बन डायऑक्साइड असा शिरतो की डोळ्यांत टचकन पाणी येतं. या टाकीत जे तयार होतं त्याला तिथली मंडळी ‘वॉश’ म्हणतात. मोड आणून वाळवलेले सातू (म्हणजेच माल्ट), पाणी आणि यीस्ट, बस्स. दोन-तीन दिवस आंबलं की त्यात साधारण 8 टक्के अल्कोहोल उतरतं. हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि सुवास देणारी फुलं, घातलेले नसतात आणि उकळी काढलेली नसते, एवढं सोडलं तर ती बिअरच आहे. अमेरिकेतले बर्बनवाले तर तिला सरळ ‘डिस्टिलर्स बिअर’ म्हणतात. तीच भट्टीतून दोनदा काढायची, ओकच्या पिंपात वर्षानुवर्षं ठेवायची आणि मग बाटलीवर सिंगल माल्ट असं लिहायचं.

तेव्हा ‘आपण बुवा बिअरला हात लावत नाही, घेतली तर स्कॉच’ असं लग्नाच्या आदल्या रात्री गच्चीवर जाहीर करणारे काका खरं तर आयुष्यभर बिअरचाच अर्क घेत आलेले असतात. (मळीच्या स्पिरिटवर बनणारी, आपल्याकडची स्वस्त व्हिस्की घेणाऱ्या काकांना हा आरोप लागू नाही. गोव्याची पॉल जॉन घेणाऱ्यांना लागू आहे.)

काकांची तक्रार मात्र खोटी नसते. त्यांच्या मते बिअर पाणचट असते, चार घोटांत पोट भरतं, आणि सारखं उठावं लागतं. वाइन घेणाऱ्या काकूंची तक्रार वेगळी: कडू लागते आणि वासाला काही नसतं. दोघंही बोलत असतात ते एकाच बिअरबद्दल. 1842 साली बोहेमियातल्या प्ल्झेन गावात योसेफ ग्रोल या बव्हेरियन ब्रुअरने तिथलं मऊ पाणी, फिकट माल्ट आणि साझ जातीचे सुगंधी हॉप्स वापरून सोनेरी, पारदर्शक लागर बनवली. तिचं नाव पिल्सनर. जगात आज खपणारी बहुतेक बिअर हे या पिल्सनरचं दूरचं, दिवसेंदिवस पातळ होत गेलेलं गोत आहे. मूळ पिल्सनरला ब्रेडसारखा माल्टचा वास आणि ठसठशीत कडवटपणा असतो. नक्कल करणाऱ्यांनी सातूच्या जोडीला तांदूळ, मका, साखर घातली, हॉप्स कमी केले आणि उरलेली उणीव बर्फासारख्या गारव्याने झाकली.

भारतात या गोताला आणखी एक फांदी फुटली, ‘स्ट्राँग’. 5 टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असलेली माइल्ड, तिच्या वर 8 टक्क्यांपर्यंत स्ट्राँग, अशी आपल्याकडची विभागणी. देशात खपणाऱ्या बिअरचा फार मोठा वाटा स्ट्राँगचा आहे, कारण गिऱ्हाईक पैशाच्या मानाने चढते किती ते बघतं. चव हा दुकानदाराच्या आणि गिऱ्हाइकाच्या बोलण्यातला विषयच नसतो. अशा बिअरवर नाक मुरडणाऱ्याची जीभ शाबूत आहे, एवढंच म्हणायचं.

चूक होते ती पुढे. अशा माणसाला कुणी बिअरप्रेमी मित्र भेटतो आणि ‘एकदा ही घेऊन बघ’ म्हणत स्वतःच्या आवडीची जहाल कडू आयपीए (इंडिया पेल एल) पुढे करतो. पाहुणा तोंड वाकडं करतो आणि प्रकरण मिटतं. खरं तर विचारायला हवं ते दुसरंच: रोजच्या ग्लासात तुला नेमकं काय आवडतं? आंबटपणा? धूर? लाकडाचा वास? लिंबाची साल? वाइनमध्ये किंवा दारूत जे जे म्हणून सापडतं त्यातलं बहुतेक कुठल्या ना कुठल्या बिअरमध्येही असतंच. फक्त ती बिअर सहसा कोपऱ्यावरच्या वाइन शॉपच्या फ्रिजमध्ये नसते.

आंबटपणापासून सुरुवात करावी, कारण वाइनवाल्यांच्या जिभेला तीच ओळखीची जागा. आम्लता मोजण्याच्या पीएच मापात आकडा जितका लहान तितकं आंबट. वाइन साधारण 3 ते 3.6 या पट्ट्यात असते आणि नेहमीची लागर 4 ते 4.5 च्या. त्यामुळे वाइनची सवय असलेल्याला लागर बसकी, बेचव वाटते आणि वरून हॉप्सचा कडवटपणा, जो वाइनमध्ये मुळीच नसतो. बेल्जियममध्ये ब्रुसेल्सच्या आसपास, सेन नदीच्या खोऱ्यात, लॅम्बिक नावाची बिअर होते. तिचा पीएच थेट वाइनच्या पट्ट्यात उतरतो आणि कडवटपणा जवळपास नसतोच.

ती कशी होते हे पाहायचं तर ब्रुसेल्सच्या आंदरलेक्त भागातल्या कांतियाँ ब्रुअरीत जावं. 1900 साली सुरू झालेली ही ब्रुअरी आज संग्रहालयही आहे. सगळी कामाची गंमत वर, पोटमाळ्यावर. कौलांच्या खाली एक भलंमोठं उथळ तांब्याचं पातेलं पसरलेलं आहे, खरं तर पातेल्यापेक्षा परातच म्हणावी. याला कूलशिप म्हणतात. सातू आणि न मोडवलेला गहू यांचा उकळता काढा संध्याकाळी या परातीत ओततात आणि रात्रभर तसाच उघडा ठेवतात. भिंतींना झरोके आहेत. थंड हवा आत येते आणि तिच्याबरोबर हवेतली, लाकडातली, धुळीतली यीस्ट आणि जिवाणू या काढ्यावर उतरतात. कुणी विरजण लावत नाही, घरच्या हवेलाच ते काम सोपवलेलं असतं. म्हणून हे काम फक्त थंडीच्या महिन्यांत, साधारण ऑक्टोबर ते एप्रिल. उन्हाळ्यात नको ते जिवाणू शिरजोर होतात. हॉप्सही मुद्दाम जुने, वास आणि कडवटपणा गेलेले वापरतात. ते चवीसाठी नसतात, राखणदार म्हणून असतात. पिंपांच्या मधली कोळ्यांची जाळीसुद्धा इथे कुणी झाडत नाही, कारण कोळी फळमाश्या खातात. स्वच्छतेच्या आपल्या कल्पनांना सुरुंग लावणारा कारखाना आहे हा.

हा काढा ओकच्या पिंपांत एक, दोन, तीन वर्षं मुरतो. मग ब्रुअर वेगवेगळ्या पिंपांतून चव घेत फिरतो आणि कोवळी व जुनी लॅम्बिक एकत्र करून शॅम्पेनसारख्या जाड बाटलीत बुचाखाली कोंडतो. कोवळीत थोडी साखर शिल्लक असते, ती बाटलीत पुन्हा आंबते आणि बुडबुडे येतात. या मिश्रणाला ग्यूझ म्हणतात. ग्लासात ओतल्यावर वास येतो तो हिरव्या सफरचंदाचा, लिंबाच्या सालीचा, ओल्या लाकडाचा आणि जरासा तबेल्याचा. तबेल्याला घाबरू नये. तो ब्रेटानोमायसिस या यीस्टचा वास. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतल्या क्लाउसेन या शास्त्रज्ञाने 1904 साली इंग्लिश बिअरमध्ये हे यीस्ट शोधलं, म्हणून नावाचा अर्थच ‘ब्रिटिश बुरशी’. वाइन बनवणारे या यीस्टला खलनायक मानतात, पण जुन्या धाटणीच्या काही फ्रेंच रेड वाइन त्याच्याच पुसट वासामुळे प्रिय असतात, हे ते हळू आवाजात कबूल करतात. कांतियाँवाले तर एक पाऊल पुढे जाऊन द्राक्षंच लॅम्बिकच्या पिंपात टाकतात. पांढऱ्या मस्कॅट द्राक्षांची वेगळी आणि बोर्दोच्या काळ्या द्राक्षांची वेगळी. ती बिअर की वाइन, या वादात पडणाऱ्यांनी पडावं. बाकीच्यांनी ग्लास पुढे करावा.

गोव्यातल्या आणि तळकोकणातल्या वाचकाला यात फारसं नवल वाटू नये. फेणीसाठी काजूची बोंडं तुडवून काढलेला रसही असाच, बाहेरून यीस्ट न घालता, आपला आपण आंबतो. पहिल्या वाफेला निघणारा हुर्राक आणि पुन्हा भट्टीतून काढलेली फेणी, दोन्हींना जो उग्र, फळाचा, थोडा रानटी वास असतो त्यात या मोकळ्या आंबण्याचा मोठा हात आहे. 2009 साली काजूच्या फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं. ज्याला फेणीचा वास ‘घाण’ न वाटता ‘घरचा’ वाटतो, त्याला ग्यूझ पहिल्याच घोटाला पटण्याची शक्यता शहरी वाइनप्रेमीपेक्षा जास्त.

लाल वाइन आवडणाऱ्यांसाठी बेल्जियमच्याच पश्चिम फ्लँडर्समधली तांबडी एल आहे. रूसेलारे गावातली रोडेनबाख ब्रुअरी 1821 पासूनची. तिथे ओकचे सुमारे 300 प्रचंड उभे पिंप ओळीने उभे आहेत, त्यातले काही शतकाहून जुने. दोन वर्षं त्यात राहिलेली बिअर आंबट चेरीसारखी, थोडी बाल्सामिक व्हिनेगरच्या अंगाने जाणारी होते. ती ताज्या गोडसर बिअरमध्ये मिसळतात. याच जातीच्या ‘दुशेस द बुर्गोन्य’ नावाच्या बिअरच्या बाटलीवर हातावर ससाणा घेतलेली राजकन्या आहे. ती बर्गंडीची मेरी, 1482 साली घोड्यावरून पडून वारलेली. रंग मातकट लाल, कडवटपणा नाममात्र, मागे ओकचा हलका तुरटपणा. डोळे मिटून दिली तर पिनो न्वार पिणारे फसतात. ज्यांना गोडसर, फळाळ रेड लागते त्यांना ती आवडते, आणि ज्यांना कोरडी, तुरट कॅबरने लागते ते जरा कुरकुरतात. त्यांच्यासाठी बिअरमध्ये खरंच फारसं काही नाही. द्राक्षाच्या सालीतलं टॅनिन सातूत येणार कुठून?

पांढऱ्या वाइनचं नातं आणखी जवळचं आहे आणि ते रसायनशास्त्राने सिद्ध झालेलं आहे. नाशिकच्या सुलाने 2000 साली पहिली वाइन बाजारात आणली, तेव्हापासून सोव्हिन्यों ब्लाँ हे नाव मराठी घरांत रुळलं. तिच्यातला पेरू, ग्रेपफ्रूट, पॅशनफ्रूटचा वास थायोल नावाच्या गंधकयुक्त रेणूंमुळे येतो. थेंबभर थायोल मोठ्या टाकीला पुरतो इतके ते तीव्र. हेच रेणू काही हॉप्समध्ये सापडतात. न्यूझीलंडने 2000 साली एक जात काढली, तिच्या वासामुळे नावच ठेवलं नेल्सन सोव्हिन. मस्कॅट द्राक्षातला फुलांचा वास ज्या लिनालूलमुळे येतो तोही हॉप्समध्ये भरपूर असतो.

मग या हॉप्सची बिअर कडू का लागत नाही? कारण हॉप्स कधी घालतात यावर सगळं आहे. काढ्यात तासभर उकळले की त्यातली आम्लं बदलून कडवट होतात आणि सुवास उडून जातो. उकळणं संपल्यावर किंवा बिअर गार झाल्यावर घातले तर सुवास राहतो, कडवटपणा फारसा उतरत नाही. आमटीत कोथिंबीर आधी घालायची की उतरवताना, हा जो भेद प्रत्येक स्वयंपाकघराला ठाऊक आहे, तोच. अमेरिकेच्या व्हर्मांट राज्यातून पुढे आलेली गढूळ, केशरी ‘हेझी’ आयपीए या उशिराच्या हॉप्सवर उभी आहे. सोव्हिन्यों ब्लाँ घेणाऱ्याला आयपीए द्यायचीच असेल तर ही द्यावी.

बुडबुड्यांच्या शौकिनांना सैझों. फ्रेंचभाषक बेल्जियममध्ये शेतावर हंगामी मजुरांसाठी बनणारी ही बिअर. सैझों म्हणजे हंगामच. साखर शेवटपर्यंत आंबून गेलेली, त्यामुळे कोरडी ठणठणीत, वर मिरीसारखी झणक आणि फेस असा की ओतणाऱ्याने सबुरी ठेवावी. सैझों ड्युपाँ हा तिचा नमुना, 6.5 टक्क्यांचा. सुरमईच्या तुकड्याबरोबर हिच्यासारखं काही नाही, असं लिहिण्याचा मोह आवरत नाही.

आता काकांकडे वळू. धुरकट स्कॉच, म्हणजे आयला बेटावरची पीटच्या धुरावर वाळवलेल्या सातूची, ज्यांना प्रिय आहे त्यांनी जर्मनीतल्या बाम्बर्गची वाट धरावी. या गावात रौखबिअर मिळते. रौख म्हणजे धूर. गंमत अशी की हा मुळात वेगळा प्रकार नव्हताच. मोड आलेले सातू लाकडाच्या जाळावर वाळवले जात त्या काळी बहुतेक बिअरला धुराचा वास असायचा. पुढे कोक आला, गरम हवेच्या भट्ट्या आल्या आणि जगभरच्या ब्रुअरनी सुटकेचा निःश्वास टाकत धूर घालवला. बाम्बर्गमधल्या दोन ब्रुअरींनी मात्र तो सोडला नाही.

त्यातली प्रसिद्ध श्लेंकेर्ला. जुन्या गावाच्या गल्लीत लाकडी चौकटीचं घर, आत काळवंडलेल्या तुळया, आणि लाकडी पिंपाच्या तोटीतून थेट ग्लासात पडणारी काळपट तांबूस बिअर. अल्कोहोल फक्त 5.1 टक्के. पहिला घोट घेतला की अनेकांना वाटतं, ग्लासात कुणी धुरी दिलेलं मांस बुडवून काढलं की काय. सातू बीच लाकडाच्या धुरावर वाळवलेले असतात, तो हा वास. आयलाचा धूर औषधी, आयोडीनच्या वळणाचा. बाम्बर्गचा धूर चुलीजवळचा, गोडसर मांसाचा. पहिल्या ग्लासावर मत बनवू नका, तिसऱ्यापर्यंत थांबा, असं तिथली माणसं पाहुण्याला सांगतात. दुकानदारीचा सल्ला म्हणून सोडून द्यावा तर तो खरा निघतो. दुसऱ्या ग्लासाशी नाकाला धुराची सवय होते आणि मागचा भाजक्या माल्टचा गोडवा वर येतो. सुक्या बोंबलाच्या वासात वाढलेल्या माणसाला तर पहिल्या ग्लासाचीही अडचण येऊ नये.

बर्बनवाल्यांचा रस्ता कायद्याने आखून दिला आहे. अमेरिकी नियमाप्रमाणे बर्बन आतून जाळलेल्या कोऱ्या ओकच्या पिंपातच ठेवावी लागते, म्हणजे एकदा वापरलेलं पिंप बर्बनला बाद. ही बाद पिंपं स्कॉटलंडला जातात, कॅरिबियन बेटांवर रमसाठी जातात. 1990च्या दशकात शिकागोच्या गूज आयलंड ब्रुअरीचा ग्रेग हॉल याची गाठ जिम बीमच्या घराण्यातले बुकर नो यांच्याशी पडली आणि काही पिंपं त्याच्या हाती लागली. त्याने त्यात दाट काळी इम्पीरियल स्टाउट भरली. ओकच्या छिद्रांत मुरलेली बर्बन बिअरमध्ये उतरली: व्हॅनिला, खोबरं, जळकी साखर. आज पिंपात मुरवलेली स्टाउट जगभर होते आणि ती बहुधा 12 टक्क्यांच्या वर असते. चॉकलेटसारखी दाट, बशीभर पुरणारी. पाणचट म्हणणाऱ्या काकांचं तोंड बंद करायला याहून नेमकं उत्तर नाही.

स्टाउटचा काळा रंगही एका यंत्राची देणगी आहे. 1817 साली इंग्लंडमध्ये डॅनियल व्हीलरने कॉफीच्या भाजणीसारखं फिरतं पिंप काढलं, त्यात माल्ट न जळता काळा होऊ लागला. त्याआधीच लंडनच्या साउथवर्कमधल्या थ्रेल यांच्या ब्रुअरीतून रशियाच्या कॅथरिन सम्राज्ञीच्या दरबारी दमदार गडद बिअर जात असे. इम्पीरियल हे नाव त्या दरबाराचं.

रमवाल्यांचं काम सोपं. ओल्ड माँकमध्ये जो मळीचा, मनुकांचा, किंचित मसाल्याचा गोडवा असतो, तो बेल्जियमच्या ट्रॅपिस्ट मठांतल्या गडद एलमध्ये जवळजवळ तसाच भेटतो, कारण तिथेही शिजवून काळी केलेली साखर घालतात. शिमे ब्लू 9 टक्के, रॉशफोर 10 ही 11.3 टक्के. मठातले साधू आणि अकरा टक्के, यावर इथे विनोद करायचा नाही असं ठरवलं आहे. कोन्याक किंवा पोर्ट जेवणानंतर चाखणाऱ्यांना इंग्लिश बार्ली वाइन. नावात वाइन आहे पण द्राक्षाचा संबंध नाही. दाट, खजुरासारखी, वर्ष छापलेल्या बाटलीत पडून सुधारणारी. अमेरिकेतल्या सॅम्युएल ॲडम्सची युटोपियस त्याच्याही पुढची: 25 टक्क्यांच्या वर, फेस अजिबात नाही, छोट्या ग्लासातून घोट घोट घ्यायची.

जिनवाल्यांची गोष्ट वेगळी आहे आणि थोडी फसवी. ‘मला कडू चालत नाही’ म्हणत जिन-टॉनिक मागवणारी बरीच माणसं असतात. टॉनिकमधलं क्विनिन हे कडवटपणाचं दुसरं नाव आहे. लिंबू, साखर आणि सुवास जोडीला असला की जिभेला कडू चालतं, हे त्या ग्लासाने आधीच सिद्ध केलेलं असतं. अशांनी लिंबूवर्गीय वासाच्या हॉप्सची आयपीए निःशंक घ्यावी. योगायोग असा की टॉनिक आणि आयपीए दोघांचीही नाळ कंपनी सरकारच्या हिंदुस्थानाशी जोडलेली. लंडनच्या बो भागातल्या हॉजसनच्या ब्रुअरीची फिकट, भरपूर हॉप्सची एल जहाजांतून चार-सहा महिन्यांचा प्रवास करून मुंबई, मद्रास, कलकत्त्याला उतरत असे. ती खास हिंदुस्थानसाठी शोधली गेली ही कथा मात्र रचलेली. गरम देशांसाठी हॉप्स वाढवायची रीत आधीपासून होती, आणि जहाजांवर काळी पोर्टरही ढिगाने येत असे. साहेब आयपीए प्यायचा, साधे सोल्जर पोर्टरवर भागवायचे.

ज्यांना कडू खरोखरच नको, त्यांच्यासाठी बेल्जियन विटबिअर. गहू, संत्र्याची वाळलेली साल आणि धने. जिनमध्ये जुनिपरखालोखाल मान धन्यालाच, तेव्हा वासाची ओळख आपोआप पटते. हा प्रकार जवळजवळ संपला होता. हुगार्डन गावातली शेवटची ब्रुअरी 1957 साली बंद झाली, आणि लहानपणी तिथे मदतीला जाणाऱ्या पिएर सेलिस या दूधवाल्याने 1966 मध्ये तो पुन्हा उभा केला. आज भारतातल्या बहुतेक मायक्रोब्रुअरीत पहिली संपते ती हीच.

मायक्रोब्रुअरी म्हटलं की पुण्याचं नाव घ्यावंच लागतं. 2009 साली इथे डूलाली सुरू झाली. नाव कुठलं? नाशिकजवळच्या देवळालीचं. मायदेशी जायच्या जहाजाची वाट बघत गोरे शिपाई देवळालीच्या छावणीत महिनोन्‌महिने रखडत. उकाडा, कंटाळा, हिवताप. त्यातून डोकं फिरलेल्याला ‘डूलाली टॅप’ म्हणायची पद्धत पडली आणि शब्द इंग्रजी कोशात जाऊन बसला. टॅप म्हणजे आपला ताप. ज्या जिल्ह्याने मराठी माणसाला वाइन शिकवली त्याच जिल्ह्याचं गाव बिअरच्या पाटीवर आलं, तेही वेडाच्या निमित्ताने.

अशा ठिकाणी सुरुवातीला सॅम्पलर मागवावा. लाकडी फळीवर पाच-सहा छोटे ग्लास येतात. प्यायचा क्रम महत्त्वाचा: गहू आधी, आंबट नंतर, काळी आणि कडू शेवटी. कडू आधी घेतली तर पुढच्या सगळ्या पाण्यासारख्या लागतात. आंबटात मीठ-धन्याची जर्मन गोझं मिळाली तर मार्गारिटा घेणाऱ्यांनी ती पकडावी. पुण्यात तिच्या धर्तीवर मीठ-कोकमाची एल बनली आहे आणि तिचा पहिला घोट घेताना जीभ सोलकढीच्या वाटेला लागते.

दोन गोष्टी घरी करायच्या. एक, काळी किंवा दमदार बिअर फ्रिजमधून काढून वीस मिनिटं ओट्यावर ठेवायची. चार-पाच अंशाला वास मुका असतो, दहा-बारा अंशाला बोलू लागतो. ‘चिल्ड’चा हट्ट फक्त लागरपुरता ठेवावा. दोन, बाटली तोंडाला लावू नये, वाइनचा ग्लास अर्धा भरावा. हिरव्या किंवा पांढऱ्या काचेची, दुकानाच्या उन्हात उभी राहिलेली बाटली घेऊ नये. हॉप्समधले रेणू उजेडाने फुटतात आणि बिअरला कुबट, उग्र दर्प येतो. बिअरला वास मारतो म्हणणाऱ्यांपैकी कितीतरी जणांना अशीच बाटली मिळालेली असते.

आणि हिशेब. 42.8 टक्क्यांच्या व्हिस्कीच्या 30 मिलिलिटर पेगात सुमारे 13 मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल असतं. 330 मिलिलिटरच्या, 10 टक्क्यांच्या स्टाउटमध्ये 33, म्हणजे अडीच पेग. 650 मिलिलिटरच्या 8 टक्के स्ट्राँग बाटलीत 52, म्हणजे चार. ‘बिअरच तर आहे’ हे वाक्य इथे उपयोगाचं नाही. सॅम्पलर घ्यायला निघताना गाडीची किल्ली घरीच ठेवा आणि रिक्षाने जा.